तक्रारीचा रकाना

माझ्या खिडकीवर माणूस आला की मी चार गोष्टी विचारते. नाव, वय, पत्ता, तक्रार. पहिल्या तीन लोक पटापट सांगतात आणि चौथीला अडखळतात. "तशी काही नाही," म्हणणारे रोज निदान दहा तरी भेटतात. मग एवढ्या लांब हवा खायला आलात का, असं मी विचारते. माझं तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे. कान-नाक-घशाच्या विभागात एकोणतीस वर्षं केसपेपर लिहिल्यावर कुणाचंही होईल. निम्मी माणसं ऐकू येत नाही म्हणून आलेली, त्यांच्याशी हळू आवाजात गोड बोलून कसं चालेल?

पण ही गोष्ट माझी नाही, खुंटीमावशीची आहे. ती आमच्या विभागातली ड्रेसर. जखमा पुसायच्या, पट्ट्या बदलायच्या, मलम लावायचं, हे तिचं काम. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, अंगानं किरकोळ, आणि एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. मावशी हे नाव तिला पोरांनी दिलं. खुंटी हा शब्द मात्र तिचा स्वतःचा.

काही माणसांचे कान जन्मभर वाहतात. काही मुलांना कानाचं भोकच नसतं. त्यांना कानात घालायचं यंत्र चालत नाही. मग सर, म्हणजे आमच्या विभागाचे मोठे डॉक्टर, कानामागच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवतात. हाड त्याला धरून घट्ट झालं की त्याच्या कातडीबाहेरच्या टोकावर एक छोटं यंत्र बसवता येतं. यंत्र आवाज घेऊन हाडाला हलवतं, हाड आतल्या कानाला हलवतं, आणि माणसाला ऐकू येतं. याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते माझ्या रजिस्टरच्या एका ओळीत मावत नाही. मावशी पोरांना सांगायची, "भिंतीला खुंटी असते की नाही? तिला आपण सदरा टांगतो. ही डोक्याची खुंटी. हिला आवाज टांगायचा." तेव्हापासून आमच्याकडे सगळेच खुंटी म्हणतात. सरसुद्धा.

तिच्या स्वतःच्या डोक्याला खुंटी होती. विभागात बसवलेली पहिली. घाबरलेली आई पोराला घेऊन आली की सर तिला मावशीच्या खोलीत पाठवायचे. मावशी केस बाजूला करायची, यंत्र काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "बघा. वीस वर्षं झाली. आता मला काही ऐकू येत नाही. मला शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घ्या." आई हसायची. मग मावशी यंत्र परत लावायची. त्याचा टक असा आवाज व्हायचा. "आता येतं ऐकू. आता जपून बोला."

माझी खिडकी आणि तिची खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे. तो टक मला दिवसातून सहा-सात वेळा ऐकू यायचा. त्यानंतर थोड्या वेळानं त्या आईला माझ्याकडे ऑपरेशनची तारीख लिहायला पाठवायचे. सर म्हणायचे, "माझं अर्ध्या तासाचं समजावणं एका टकमध्ये होतं."

ती इथं आली ती ड्रेसर म्हणून नव्हे. एकविसाव्या वर्षी तिला चादरींच्या खोलीत लावलं होतं. तळमजल्यावर, धुलाईच्या शेजारी. बहिऱ्या मुलीला दुसरं काय काम द्यायचं? चादरी मोजायच्या नाहीत, बोलायचं नाही, फक्त घड्या घालायच्या. लोक तिला हाक मारायचे नाहीत, खांद्याला धरून वळवायचे. तिनंच एकदा मला सांगितलं होतं, "ताई, दोन वर्षं कुणी मला न धरता माझ्याशी बोललं नाही." मग सरांनी तिला पाहिलं, कान तपासले, आणि खुंटी बसवली. यंत्र पहिल्यांदा लावलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. तिनं विचारलं, "हा कसला आवाज?" तो पंख्याचा होता. दुसऱ्या दिवशी ती चादरी सोडून ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला हे शिकवा. त्या चादरींच्या खोलीत ती सध्या परत आहे. कशी गेली तेच सांगतेय.

खुंटी बसवून काम संपत नाही. खरं काम त्यानंतरच. खुंटीभोवतीची कातडी जपावी लागते, आणि प्रत्येक वयाची तऱ्हा वेगळी. हे मला वाचून नाही, भिंतीपलीकडून ऐकून कळलंय. लहान पोरांचं हाड पातळ आणि कच्चं. खुंटी कधी नीट धरतच नाही, कधी चेंडू लागून निखळते, कधी पोर वाढतं तशी कातडी खुंटीवर चढते. कॉलेजची एक मुलगी यायची, केसांत सतरा प्रकारचं काय काय लावलेलं, खुंटी झाकायला केस सोडलेले आणि त्याखाली सगळा चिकटा. तिला मावशी म्हणायची, "अगं, भांडी घासतेस ना? मग ही का घासत नाहीस?" ती म्हणायची, भांडी आई घासते. आणि एक रिटायर पोस्टमास्तर यायचे, त्यांना साखर. कातडी कागदासारखी, भरून यायला महिने लागायचे, शिवाय बोटं थरथरायची, त्यामुळे यंत्र खुंटीवर बसायचंच नाही. सकाळी सून लावून द्यायची. सून माहेरी गेली की पोस्टमास्तर बहिरे.

एकदा डबा खाताना मी मावशीला विचारलं, "लहानांचं कळलं, म्हाताऱ्यांचं कळलं. आपल्या वयाचं काय?"

"आपल्या वयाला दुखायला वेळ कुठाय, ताई?" ती म्हणाली आणि माझ्या डब्यातला भाताचा घास उचलला. आम्ही दोघी हसलो.

मागच्या वर्षी भिंतीपलीकडून टक येईनासा झाला.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. पंखा बंद पडला की जसं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं पण काय ते कळत नाही, तसं झालं. मग एक दिवस मी कान देऊन ऐकलं. मावशी एका आईला समजावत होती. "वीस वर्षं झाली," इथपर्यंत सगळं नेहमीचं. पण यंत्र काढलं नाही. नुसतं केसांवरून बोट ठेवून सांगत असणार, "इथं आहे, बघा." शिव्यांचा विनोदही नव्हता.

त्या दिवशी डबा खाताना मी तिच्या शेजारी सरकून बसले. तिच्या डोक्याला स्पिरिटचा वास येत होता. त्याच्याखाली आणखी एक वास होता, तो मला ओळखता येतो. मी म्हटलं, "केस बाजूला कर."

"जेवा ना, ताई."

"कर म्हणते ना."

तिनं केले. खुंटीभोवतीची कातडी लाल होऊन फुगली होती, खुंटीच्या कडेपर्यंत चढली होती, आणि खालच्या बाजूनं पिवळट काहीतरी झिरपत होतं. म्हणूनच यंत्र नीट बसत नव्हतं, नुसतं टेकलेलं असायचं. तिनं गॉजची बारीक वळी करून खुंटीला गुंडाळली होती. स्पिरिटनं दिवसातून तीन वेळा पुसत होती. हीच बाई पोस्टमास्तरांच्या सुनेला ओरडली होती, की स्पिरिट कातडी जाळतं, पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही! वर पेशंटच्या अर्धवट उरलेल्या ट्यूबमधलं मलम. तेसुद्धा महिनोन्‌महिने. त्यानं कातडी पातळ होते, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं.

"किती दिवस?"

"चार महिने झाले असतील."

"घरी माहीत आहे?"

"उशीचा अभ्रा मीच धुते."

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर, मुलगा परीक्षेत. कुणाला सांगणार होती, आणि कोण विचारणार होतं?

"सरांना दाखव. आज."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "सर बघतील आणि खुंटी काढतील. हाड भरायला सहा महिने. सहा महिने मी काय करणार? पेशंट काय बोलतोय ते बहिऱ्या ड्रेसरला कळणार कसं? मला खाली पाठवतील." चादरी हा शब्द ती बोलली नाही. "आणि या सगळ्या आया, ताई. माझं बघून त्या हो म्हणतात. हे बघून कोण हो म्हणेल?"

मी म्हटलं, "केसपेपर काढू?"

"माझा कशाला केसपेपर?" ती म्हणाली. आणि खरंच तिचा केसपेपर नव्हता. पहिल्या वर्षाचा होता, तो कधीच रद्दीत गेला. त्यानंतर तिची तपासणी तिनंच आरशात केली. घरच्या माणसाचा केसपेपर कशाला काढायचा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. "महिनाभर थांबा. बसेल हे," ती म्हणाली. मी एवढी तोंडाळ, पण त्या दिवशी गप्प बसले. नवी आयुष्यभराची मैत्रीण कुठे मिळते या वयात, असं काहीतरी मनात आलं असेल. महिन्याचे चार महिने झाले.

त्याच सुमारास भिंगरीचं प्रकरण झालं.

ही सात वर्षांची पोर. जन्मतःच दोन्ही कानांना भोकं नाहीत. कधी एका जागी उभी राहायची नाही, स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून विभागात तिला भिंगरी म्हणायचे. आई शिलाई कारखान्यात मशीनवर. ऑपरेशनला ती आधी वर्षभर नाही म्हणत होती. डोक्यात स्क्रू म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? मावशीनं तिला किती टक ऐकवले असतील, देव जाणे. शेवटी ती म्हणाली, "तुमच्याकडे बघून करते, मावशी. सरांकडे बघून नाही." भिंगरीला खुंटी बसली, पोर वर्गात पहिल्या बाकावरून उत्तरं द्यायला लागली. सगळं छान चाललं होतं.

ऑपरेशनला सात महिने झाल्यावर मायलेकी माझ्या खिडकीवर आल्या. मी विचारलं, "तक्रार?"

आई म्हणाली, "तशी काही नाही, नेहमीचं दाखवायला..."

भिंगरी टाचा उंचावून खिडकीत डोकावली आणि म्हणाली, "टांगलं की दुखतं."

मी रकान्यात लिहिलं, टांगलं की दुखतं. कागद तिच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मावशीच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. तिच्याच अक्षरात. लहान मूल दुखतं म्हणालं की सरांना दाखवायचं, कातडी कशीही दिसो. कारण लहान पोरांत कधीकधी कातडी वरून स्वच्छ असते आणि आत हाडानं स्क्रू सोडलेला असतो. तेव्हा लाली नसते, पू नसतो, फक्त दुखतं. हा नियम तिनं स्वतः केलाय, एका पोराची खुंटी अशीच गेल्यावर.

मी भिंतीपलीकडून ऐकलं. मावशीनं पाहिलं असणार. कातडी कोरडी, गोरी, जराही सूज नाही. ती म्हणाली, "अहो, कातडी तर फुलासारखी आहे. याला कुठे दुखणं म्हणतात? नवीन आहे ना अजून, थोडं दुखणारच. माझंही दुखतं कधीकधी."

भिंगरी म्हणाली, "खूप दुखतं."

"खूप कसं असेल, राणी? काही दिसत तर नाही."

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. नवशिक्या नर्सनं घाबरून सरांना बोलावलं असतं. सरांनी खुंटीवर बोट टेकवताच त्यांना कळलं असतं. पण मावशीच्या कानामागे त्या वेळी निखारा होता. तो ती आठ महिने केसांखाली झाकून कामावर येत होती. आपलं एवढं सोसतंय, तर एवढ्याशा स्वच्छ कातडीच्या पोरीचं काय ते दुखणं, असं तिला वाटलं. तिनं हे नंतर मला सांगितलं. तेव्हा ती माझ्याकडे बघतही नव्हती. मायलेकी घरी गेल्या, सरांपर्यंत कागद पोचलाच नाही.

तीन आठवड्यांनी भिंगरीची खुंटी पडली. वर्गात, पाढे म्हणताना. यंत्रासकट बाकावर पडली, थोडं रक्त आलं. पोरीला वाटलं आपण काहीतरी मोडलं, आता मार बसणार. तिनं खुंटी कंपासपेटीत लपवली, खोडरबराच्या खाली, आणि यंत्र दप्तरात. दोन दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. बाईंनी काही विचारलं की मान हलवायची. तिसऱ्या दिवशी आईनं वेणी घालताना पाहिलं.

त्या दिवशी त्या आल्या तेव्हा भिंगरी गिरक्या घेत नव्हती. आईच्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

सरांनी तपासलं. जखम साफ केली. सर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "लहान मुलांत असं होतं. कवटी पातळ असते, हाड धरत नाही. कुणाची चूक नाही यात. काही महिने डोक्याला पट्ट्यानं यंत्र बांधू, मग शेजारच्या जागी पुन्हा बसवू." मावशी तिथंच ट्रे धरून उभी होती. सरांना तीन आठवड्यांपूर्वीची भेट माहीतच नव्हती. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता. मावशी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं, मला सोडून.

आई म्हणाली, "पुन्हा नाही. पुन्हा तिच्या डोक्याला हात लावू देणार नाही मी. आणि पट्टाही नको, पोरं हसतात."

"मग तिला ऐकू कसं येणार?"

"आधी येत नव्हतं तेव्हाही जगतच होती ना!"

ती तडक माझ्या खिडकीवर आली. पाठीमागे सात-आठ माणसं. कंपासपेटी तिच्या हातात होती, ती तिनं खिडकीच्या फळीवर आपटली. आतली खुंटी वाजली. "आमचे सगळे कागद द्या. इथं पुन्हा येणार नाही."

मी फाईल काढली. नियमच आहे, मागितली की द्यावी लागते. वरचाच कागद तीन आठवड्यांपूर्वीचा. माझं अक्षर. टांगलं की दुखतं. सरांच्या सहीची जागा कोरी. माझा हात तिथंच थांबला. मी फाईल तिला देईना आणि ठेवूनही देईना. "द्या ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तिच्यावर रागही येत होता, की आता एवढी ओरडतेस, तेव्हा का नाही ओरडलीस? पण तेव्हा तिची पोर ओरडली होती. ऐकलं नव्हतं ते आम्ही.

एवढ्यात खोलीचं दार वाजलं. मावशी बाहेर आली. तिनं हातमोजे काढले होते. मला वाटलं ती आईची समजूत काढायला येईल. ती नाही आली. ती वळसा घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेली आणि रांगेत शेवटी, पोस्टमास्तरांच्या मागे उभी राहिली. वीस वर्षांत त्या बाजूनं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पोस्टमास्तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इथं कशा? पुढं व्हा, पुढं व्हा." मग रांगच बाजूला झाली. लोकांना वाटलं कामाचं काहीतरी असेल. ती भिंगरीच्या आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"ताई, नवीन केसपेपर," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आलं. मला ओरडावंसं वाटलं, अगं आत्ता नको, इथं नको, आत जा, सरांना एकट्यांना दाखव. पण खिडकीवर मी दुसरं काहीच शिकलेली नाही. मी कोरा कागद घेतला आणि विचारलं, "नाव?"

तिनं सांगितलं. आम्ही सगळे खुंटीमावशीच म्हणत असल्यामुळे ते नाव ऐकून मलाच परकं वाटलं.

"वय?"

"त्रेचाळीस."

"पत्ता?"

सांगितला.

"तक्रार?"

तिनं केस बाजूला केले, यंत्र काढलं, गॉजची वळी सोडवली आणि ती लाल, फुगलेली, ओलसर जागा भिंगरीच्या आईकडे वळवली. रांगेतल्या कुणीतरी "अरे देवा" म्हटलं.

"टांगलं की दुखतं," मावशी म्हणाली. यंत्र हातात होतं, त्यामुळे तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता, ती फार मोठ्यानं बोलत होती. "आठ महिने झाले. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला वीस वर्षांची खुंटी दाखवली ना, ती अशी आहे. हिचं दुखणं मी माझ्या दुखण्याशी ताडून बघितलं, आणि घरी पाठवलं. सरांना दाखवायला हवं होतं. तेव्हाच दाखवलं असतं तर कदाचित..."

भिंगरीच्या आईचा हात कंपासपेटीवर होता, तो तसाच राहिला. मला वाटलं आता ही हात उगारेल, आणि उगारला असता तर मी अडवलं नसतं.

भिंगरीला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. ती आईची ओढणी सोडून पुढं आली, टाचा उंचावून तिनं मावशीच्या कानामागे बघितलं, अगदी जवळून, आणि आपल्या कानामागच्या पट्टीला हात लावला. मग ती मावशीला म्हणाली, "मी सांगितलं होतं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. पोर काय म्हणाली ते तिला ऐकू आलं नव्हतं. यंत्र परत लावायचं तिला सुचत नव्हतं. लावलं असतं तरी बसलं नसतं.

खोटं सांगता आलं असतं. पोर म्हणते बरी हो, असं काहीतरी. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, तिच्या डोक्याजवळ तोंड नेलं आणि ओरडले. सगळ्या रांगेनं ऐकलं. "ती म्हणते, मी सांगितलं होतं!"

मावशीनं मान हलवली. मग ती खाली बसली, भिंगरीच्या उंचीला आली, म्हणजे पोरीला तिचे ओठ दिसावेत, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "हो. तू सांगितलं होतंस. मावशीनं ऐकलं नाही."

भिंगरीनं विचार केला. "खूप दुखतं ना?" ती म्हणाली. या वेळी मला ओरडून सांगावं लागलं नाही, मावशीनं तिचे ओठ वाचले.

"खूप," ती म्हणाली.

भिंगरीच्या आईनं कंपासपेटी उचलली. फाईल तिनं परत मागितली नाही, घेतलीही नाही, ती माझ्याच हातात होती. पोरीला घेऊन ती बाकावर जाऊन बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. ती पुढं काय ठरवणार होती, ते त्या दिवशी तिलाही माहीत नसावं. पण जायला निघालेलं माणूस बाकावर बसत नाही, एवढं या खिडकीनं मला शिकवलंय.

मी खाली बघितलं. माझ्यापुढे दोन केसपेपर होते, एक सात वर्षांचा आणि एक त्रेचाळीस वर्षांचा. तक्रार एकच. त्रेचाळीसवाल्याचा रकाना अजून कोरा होता. मी त्यात लिहिलं, टांगलं की दुखतं. मग दोन्ही कागद घेऊन मी खिडकी बंद केली आणि स्वतः सरांकडे गेले.